बदलापूर: राहतं भाड्याचं घर विकत घ्यावं, नव्या टॉवरमध्ये जावं, की अजून थांबावं?

कात्रपची भाडेकरू

नमस्कार. हे लिहू की नको असं दोन आठवडे चाललं होतं. घरातलं सगळं आकड्यांसकट लिहितेय, कारण त्याशिवाय कुणाला नीट सांगता येणार नाही.

आम्ही बदलापूर पूर्वेला कात्रपमध्ये नऊ वर्षं भाड्याने राहतोय. नऊ वर्षांत तीन घरं झाली, त्यातलं हे तिसरं पाच वर्षं टिकलं. गेल्या महिन्यात घरमालक काका अकरा महिन्यांचा नवा करार करायला आले. चहा घेता घेता म्हणाले, "मुलगा पुण्यातच राहणार असं ठरलंय. फ्लॅट विकायचाय. बाहेर बोलण्याआधी तुम्हाला विचारतोय." ३२ लाख सांगितले. पाडव्यापर्यंत उत्तर द्या म्हणाले. माणूस चांगला आहे. कोविडच्या काळात त्यांनी दोन महिने निम्मं भाडं घेतलं होतं, ते मी विसरलेले नाही.

घर म्हणजे वन बीएचके, कार्पेट ३९५ चौरस फूट, तिसरा मजला, लिफ्ट नाही. इमारत २००९ ची, चार मजली, २४ बिऱ्हाडं. सध्याचं भाडं १०,५००.

मी ठाण्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, नवरा अंबरनाथच्या एमआयडीसीत मशीन ऑपरेटर. दोघांचे हातात ६५,००० येतात. त्यातले ५,००० गावी संगमेश्वरला सासूबाईंना जातात. शिल्लक सगळी धरून ११ लाख: साडेसहा लाखांची एफडी, नवऱ्याच्या पीएफमधून निघतील ते अडीच आणि दोन लाखांचं माझं सोनं. मुलगी आठ वर्षांची आहे, मराठी शाळेत जाते, आणि शाळा चालत सात मिनिटांवर आहे. या शेवटच्या गोष्टीची किंमत कुठल्याच कोष्टकात बसत नाही म्हणून मुद्दाम लिहितेय.

दुसरा पर्याय पश्चिमेला वालिवलीच्या बाजूला. बावीस मजल्यांचा टॉवर बांधायला घेतलाय, सध्या सातव्या स्लॅबवर आहे. चौदाव्या मजल्यावरचा वन बीएचके, कार्पेट ४३०, किंमत ४२ लाख, जीएसटी एक टक्का वेगळा. पझेशन डिसेंबर २०२८. सॅम्पल फ्लॅट बघितला आणि खरं सांगते, मुलीने त्या खिडकीत बसून "आई, इथे माझं टेबल" म्हटलं तेव्हा माझा निम्मा निर्णय तिथेच झाला होता. त्यांनी हातात नकाशा दिला. त्यात कांजुरमार्गहून येणारी मेट्रो १४, अंबरनाथ-बदलापूरच्या मध्ये होणारं चिखलोली स्टेशन, वडोदरा-मुंबई महामार्ग, माथेरानच्या डोंगरातला बोगदा आणि नवी मुंबईचा विमानतळ. सगळं रंगीत रेघांनी जोडलेलं.

घरी आल्यावर तो नकाशा फ्रिजवर लावला आणि रोज बघतेय. विमानतळाचं ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालं, ते खरं. महामार्गाचं काम दिसतं, तेही खरं. मेट्रोचा मात्र अजून एक खांब मी पाहिलेला नाही. त्या ४२ लाखांत यातल्या कशाकशाचे पैसे मी आजच भरतेय, हे मला कळत नाही.

माझ्या बाबांचीही एक बाजू आहे. ते लालबागच्या गिरणीत होते. १९८२ च्या संपात नोकरी गेली, मग आयुष्यभर वॉचमनकी केली. १९९४ मध्ये त्यांना बदलापुरात पावणेदोन लाखांत वन रूम किचन मिळत होती. स्टेशनवरून चालत बघायला गेले, वाटेत भातशेती आणि जांभळाची झाडं, संध्याकाळी रस्त्यावर चिटपाखरू नाही. "एवढ्या रानात पोरांना घेऊन कुठे राहायचं" म्हणून परत आले. आज ते दर भेटीत म्हणतात, "मी केली ती चूक तू करू नकोस." आता माझ्या मनात भीती नेमकी कशाची आहे, घर घेण्याची की बाबांसारखं न घेण्याची, हेच मला वेगळं करता येत नाही.

आम्ही आलो तेव्हा या घराच्या गॅलरीतून चंदेरी किल्ल्याचा सुळका दिसायचा. आता फक्त दोन टॉवरच्या फटीतून दिसतो. गाव वाढतंय, ते कुणाच्या सांगण्याने थांबणार नाही. या वाढत्या गावात आपण आत्ता पाय रोवावा का, आणि कुठे? जे इथे राहतात त्यांनी सांगावं.

---

हेंद्रेपाडा

ताई, मी ६३ वर्षांचा आहे, १९९८ पासून पश्चिमेला राहतो. तुमच्या प्रश्नातल्या एकाच गोष्टीवर बोलतो, ती म्हणजे नदी.

मी पहिलं घर तळमजल्यावर घेतलं होतं. आई-वडील म्हातारे, जिना नको म्हणून. २६ जुलै २००५ च्या रात्री पाणी खिडकीच्या वर गेलं. आम्ही आईला खुर्चीत बसवून दुसऱ्या मजल्यावरच्यांकडे नेलं. पाणी उतरल्यावर घरात गुडघाभर गाळ होता आणि माझ्या लग्नाचे फोटो त्या गाळात होते. ते घर विकलं, त्याच भागात दुसऱ्या मजल्यावर घेतलं. नंतर २७ जुलै २०१९ ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, ती सगळ्या देशाने टीव्हीवर बघितली. त्याच पहाटे आमच्या खाली पार्किंगमधल्या सगळ्या दुचाक्या बुडाल्या होत्या. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी आलं.

बाहेरून आलेल्या माणसाला एक गोष्ट लवकर कळत नाही. उल्हास नदीला पूर यायला बदलापुरात पाऊस पडावा लागत नाही. ती लोणावळा-राजमाचीच्या डोंगरातून उतरते, कर्जत, नेरळ करत आपल्याकडे येते. इथे नुसतं झिरमिरत असतं आणि पाणी चढत असतं. बॅरेजवर, म्हणजे नदीवरच्या बंधाऱ्यावर, इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोका पातळी १७.५० मीटर. आमच्याकडे पावसाळ्यात हे आकडे लहान मुलांनाही पाठ असतात.

तुम्ही म्हणाल, आम्ही तर चौदाव्या मजल्यावर. तुमचं घर बुडणार नाही हे कबूल. पण पाण्याचा पंप, विजेचे मीटर, लिफ्टचा खड्डा, जनरेटर हे सगळं खालीच असतं ना? ते बुडालं की चौदावा मजला म्हणजे दोन दिवस बिनपाण्याची, बिनविजेची चौदा मजल्यांची चढण. म्हणून टॉवरवाल्यांना विचारा, मीटर रूम जमिनीपासून किती फुटांवर आहे. आणि टॉवरपासून स्टेशनपर्यंतचा रस्ता २०१९ ला कुठे कुठे बुडाला होता, ते त्या रस्त्यावरच्या जुन्या किराणावाल्याला विचारा. वालिवलीत सगळीकडे पाणी येतं असं माझं म्हणणं नाही. उंचावरची जागा आहे, सखल आहे, प्रत्येक गल्लीचं वेगळं आहे.

पूररेषा बघून घ्या. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम चालत नाही, दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात अटी असतात. तुमच्या सर्व्हे नंबरवर कुठली रेषा आहे, ते नगररचना विभागात लेखी मागा. तोंडी उत्तरावर जाऊ नका.

कात्रप नदीपासून लांब आहे, त्या बाबतीत तुमचं आताचं घर बरं. तरी बाजूला नाला असेल तर तो बघा.

---

कागद आधी

मी कल्याणमध्ये वकिलांच्या कार्यालयात २२ वर्षं खरेदी-विक्रीचे दस्त करतोय. दोन्ही घरांबद्दल सांगतो.

जुन्या घरापासून सुरू करू. काकांचा स्वभाव चांगला आहे म्हणून कागद सोडू नका. चांगल्या माणसाच्या घरातही बिल्डरकडून घेतलेला पहिला करारनामा सापडत नाही, असं मी कितीदा पाहिलंय. पहिला नोंदणीकृत करार, त्याचा इंडेक्स टू म्हणजे नोंदणीचा उतारा, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला, काकांचं जुनं कर्ज असेल तर ते फिटल्याचं बँकेचं पत्र, एवढं मागा. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र आहे का, ते सर्वांत आधी. आपण ज्याला ओसी म्हणतो ते, इमारत राहायला योग्य असल्याचा नगरपालिकेचा दाखला. २००९ च्या आसपासच्या कितीतरी इमारतींत लोक पंधरा वर्षं राहतायत आणि ओसी नाही. ते नसेल तर बँक पाय मागे घेते, आणि पुढे तुम्हाला विकायचं झालं तर तुमचा गिऱ्हाईकही.

त्यानंतर कन्व्हेयन्स. इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का? नसेल तर सातबाऱ्यावर अजून मूळ जमीनमालक किंवा बिल्डरच असतो. मग उद्या पुनर्विकासाची वेळ आली की सोसायटी अडते. बिल्डर करून देत नसेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरशिवायच जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याचा, अर्ज करता येतो. ही गोष्ट आता पैशात मोजण्यासारखी झाली आहे, त्याचं कारण सांगतो. डिसेंबर २०२० मध्ये राज्यभराची एकत्रित विकास नियमावली आली, तिच्यामुळे आपल्यासारख्या शहरांत एकाच भूखंडावर पूर्वीपेक्षा बरंच जास्त बांधता येतं. ज्या गावात चार मजले होते तिथे बावीस मजले उभे राहतायत ते यामुळे. तुमच्या २४ बिऱ्हाडांच्या इमारतीखालची जमीन उद्या मोलाची आहे, पण जमीन नावावर असेल तरच.

टॉवरसाठी महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचा नंबर टाकून बघा. पण तिथेच थांबू नका. डोंबिवली-कल्याणच्या ६५ इमारतींचं प्रकरण आठवा. महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून रेरा नोंदणी मिळवली गेली होती, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचे आदेश दिले. त्यात घर घेतलेल्या लोकांनी रेरा नंबर बघितलाच होता. म्हणून बांधकाम परवानगीचा क्रमांक घेऊन तो नगररचना विभागाच्या नोंदीत आहे का, ते स्वतः तपासा. माहितीच्या अधिकारात अर्ज करावा लागला तरी करा.

करारनामा नोंदवण्याआधी बिल्डर दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. ४२ लाखांवर तो आकडा ४ लाख २० हजार. "आज बुकिंग केलं तर भाव हा" म्हणून जास्त मागितले तर उठून या.

एक फायद्याची गोष्ट. घर फक्त तुमच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. नवऱ्याचं नाव मालक म्हणून जोडलं की ती जाते. कर्जात मात्र ते सहकर्जदार राहू शकतात, मालक नसले तरी. ३२ लाखांवर एक टक्का म्हणजे ३२,०००. नोंदणी फी ३०,००० च्या वर जात नाही. आणि हस्तांतरणासाठी सोसायटी देणगीच्या नावाखाली लाखभर मागू लागली तर नियम दाखवा. कुठल्याही परिस्थितीत ती रक्कम २५,००० च्या पुढे जात नाही.

---

कात्रपची भाडेकरू

हेंद्रेपाडा काका, तुमच्या लग्नाच्या फोटोंचं वाचून फार वाईट वाटलं. मीटर रूमचा प्रश्न मला आयुष्यात सुचला नसता.

कागद आधी, घर माझ्या नावावर करायचं हे नवऱ्याला वाचून दाखवलं. तो लगेच म्हणाला, "तुझंच नाव लाव." मला वाटलं होतं समजवावं लागेल.

ओसीचं घरमालक काकांना विचारलं. त्यांना शब्दच माहीत नव्हता. सोसायटीच्या सेक्रेटरींकडे फाईल आहे म्हणाले. रविवारी जातेय.

---

कर्जत लाईन

मी तुमच्या दुसऱ्या पर्यायातून गेलोय, म्हणून लिहितो. २०१८ मध्ये पश्चिमेला बांधकाम चालू असताना घर घेतलं. पझेशन २०२० सांगितलं होतं, मिळालं २०२२ मध्ये. मधे कोविड आला, सगळा दोष बिल्डरचा नाही. पण ती चार वर्षं मी भाडं भरत होतो आणि बँकेने जेवढी रक्कम बिल्डरला दिली तेवढ्यावरचं व्याजही.

तुमचं गणित मांडून बघितलं. ४२ लाखांच्या घराला ८० टक्के म्हणजे ३३ लाख ६० हजार कर्ज मिळेल. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता २९,००० च्या वर जातो. स्लॅब चढत जातील तसं व्याज वाढत जाईल, शेवटच्या वर्षात महिन्याला वीस-तेवीस हजार नुसतं व्याज, वर तुमचे १०,५०० भाडं. ६५ मधून गावचे ५ जाऊन साठ उरतात. त्यातले तेहतीस-चौतीस गेले की मुलीची फी, पास, किराणा, आजारपण कशात बसवणार? आणि एका पगारात खंड पडला तर? माझ्या बायकोने दुसऱ्या बाळाच्या वेळी नोकरी सोडली. त्या वर्षी आम्ही कसे तरलो ते आमचं आम्हाला माहीत.

प्रवासाबद्दल. कल्याणच्या पुढे आपल्याकडे दोनच रूळ आहेत. त्यावरून लोकल, पुण्याच्या मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या सगळं चालतं. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका मंजूर आहे, काम चालू आहे, होईल. ठाणे-दिवा पाचवी-सहावी फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली, पण तिची वाट आम्ही किती वर्षं पाहिली ते जुन्या प्रवाशांना विचारा. म्हणून माझं स्पष्ट मत: आजचा प्रवास जर पुढची दहा वर्षं असाच राहिला तरी तुम्ही इथे राहाल का, याचं उत्तर "हो" असेल तरच घर घ्या. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दारातले प्रवासी पडले, त्यातल्या काहींचा जीव गेला. त्या दिवशी माझा भाऊ मागच्या गाडीत होता. तेव्हापासून मी दारात उभा राहत नाही, गाडी सोडून देतो.

तुमच्या बाजूने एक सांगतो. आताचं घर स्टेशनच्या पूर्वेला आहे. वालिवलीहून शेअर रिक्षा, पावसाळ्यात रिक्षाची रांग, हे सगळं धरून रोज येताजाता पाऊण तास वाढेल. वर्षाचे किती तास होतात बघा.

आणि पाणी. टॉवरवाला सांगेल चोवीस तास पाणी. त्यांचे कागद बघत बसण्यापेक्षा शेजारच्या तयार झालेल्या इमारतीत जा आणि सेक्रेटरींना एकच विचारा, मे महिन्यात टँकरवर किती खर्च झाला. आमच्याकडे दरमहा मेंटेनन्स १,८०० ठरला होता. आज ३,४०० आहे, आणि वाढीतला मोठा भाग टँकरचा.

---

डोंबिवलीतून

एक बाजू कुणी मांडली नाही म्हणून थोडक्यात. भाडं "वाया जातं" असं सगळे म्हणतात. ३२ लाखांच्या घराला तुम्ही समजा २४ लाख कर्ज काढलं तर हप्ता सुमारे २०,८००. त्यातले पहिल्या महिन्यात १७,००० व्याजात जातात, मुद्दल फिटतं ३,८००. तेही १७,००० परत येत नाहीत. भाड्यापेक्षा ते साडेसहा हजारांनी जास्त आहेत. म्हणून फक्त पैशाचा हिशेब करायचा असेल तर थांबणं तोट्याचं नाही.

पण मी स्वतः ५२ व्या वर्षी सातवं भाड्याचं घर बदलतोय. ब्रोकरने परवा विचारलं, "निवृत्तीनंतर भाडं कसं देणार?" हा प्रश्न घरमालक विचारायला लागतात, ताई. तो दिवस आला की व्याजाचा हिशेब आठवत नाही.

---

कात्रपची भाडेकरू

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा. सगळ्यांनी सांगितलेलं एकेक करून पाहिलं.

आधी टॉवर. एका शनिवारी हाफ डे घेऊन एकटीच गेले, एजंटला न सांगता. मुख्य रस्त्यावरच्या एका पिठाच्या गिरणीवाल्या मामांना २०१९ चं विचारलं. त्यांनी भिंतीवर हात ठेवला, माझ्या खांद्याच्या जरा खाली. टॉवरची जागा तिथून बरीच वर आहे, तिथे पाणी आलं नव्हतं असं तेच म्हणाले. पण स्टेशनला जायचा रस्ता त्या गिरणीवरूनच जातो. मी ज्या लॅबमध्ये काम करते तिथे पावसाळ्यात डेंगी-लेप्टोचे नमुने वाढतात, तेव्हा सुट्टी मिळत नाही. नेमके तेच दिवस तो रस्ता बंद राहण्याचे.

शेजारच्या दोन वर्षं जुन्या इमारतीत सेक्रेटरी बाई भेटल्या, मला घरात बोलावलं, पोहे केले. मे महिन्याच्या टँकरच्या पावत्या त्यांनी दोरीत ओवून ठेवल्या होत्या. मी मोजल्या, ४७ निघाल्या. त्या म्हणाल्या, "आम्ही आलो तेव्हा या पाइपवर तीन इमारती होत्या, आता नऊ आहेत." बारवी धरण आपल्या उशाशी आहे, पण त्याचं पाणी ठाणे, नवी मुंबई, मीरा-भाईंदरपर्यंत जातं. माझ्या घरच्या नळाचा आणि त्या धरणाच्या अंतराचा काही संबंध नाही, हे मला इतकी वर्षं इथे राहून त्या दिवशी कळलं.

मग रविवारी आमच्याच सोसायटीची फाईल. सेक्रेटरी काकांनी लोखंडी कपाटातून तीन वर्षांचे वार्षिक अहवाल काढून दिले. पाच वर्षं भाडेकरू म्हणून राहिले, कधी हे बघायची वेळ आली नव्हती. टँकरचा खर्च पहिल्या वर्षी ६,०००, दुसऱ्या वर्षी १४,०००, गेल्या वर्षी ३१,०००. चोवीस बिऱ्हाडांत वाटला तर फार नाही. पण तो आकडा कुठल्या दिशेला चाललाय ते दिसलं. आमच्या गल्लीत काहीच बदललं नाही असं मी समजत होते. ज्या दोन टॉवरच्या फटीतून मला चंदेरी दिसतो, ते आमच्याच पाइपवर आहेत.

ओसी आहे. २०१० ची प्रत फाईलमध्ये निघाली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, इतका त्या कागदाचा धसका घेतला होता. कन्व्हेयन्स नाही. मागच्या सर्वसाधारण सभेत मानीव अभिहस्तांतरणाचा विषय निघाला आणि प्रत्येकी १२,००० वर्गणी कोण देणार यावर पडला. ती सभा ज्या गच्चीवर भरते, त्याच गच्चीवर माझी मुलगी सायकल शिकली.

टॉवर सोडला. मुलीला सांगितलं तेव्हा ती टेबलाबद्दल रडली. तिला आम्ही बेडरूमच्या खिडकीखाली दुमडता येणारी फळी लावून देणार आहोत, घर कुणाच्याही नावावर असलं तरी.

घरमालक काकांकडे काल दोघं गेलो. २९ लाख सांगितले, आणि का ते कागदावर लिहून नेलं होतं: कन्व्हेयन्स नाही, लिफ्ट नाही, गच्चीची गळती या वर्षी दुरुस्त करावी लागेल. काकूंना राग आला, त्या आत गेल्या. काकांनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, "तीस. आणि कन्व्हेयन्सची माझी वर्गणी मी भरून जाईन." ते वाक्य ऐकून मी तिथेच हो म्हणणार होते, नवऱ्याने हळूच हात दाबला. पाडव्यापर्यंत मुदत आहे, ती घेऊ द्या म्हणाला.

३० ला घेतलं तर आमचे आठ लाख घालून कर्ज २२ लाख. हप्ता १९,१०० च्या आसपास. उरलेल्या तीन लाखांत मुद्रांक, नोंदणी, वकील. सोनं मोडावं लागेल, पीएफही. हातात जवळजवळ काहीच उरत नाही, आणि हे एकच मला रात्री जागं ठेवतंय. कर्जत लाईन, तुम्ही म्हणालात तसा एका पगारात खंड पडला तर तीन-चार महिन्यांचे हप्ते बाजूला असायला हवेत. म्हणून नवऱ्याचं म्हणणं आहे की सहा महिने मुदत मागू, तेवढ्यात ७०-८० हजार साठवू. काका थांबतील का, माहीत नाही.

बाबांना फोन केला. वाटलं होतं म्हणतील, थांबू नकोस. त्यांनी विचारलं, "पाणी किती वाजता येतं?" मी म्हटलं सकाळी साडेपाचला, पाऊण तास. "आणि जोर असतो?" हो. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "मी तेव्हा रस्ता बघून परत आलो. नळ सोडून बघायला पाहिजे होता."

कागद आधी, सर्च रिपोर्टसाठी, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदी तपासायला, फाईल तुमच्याच गावातल्या एका वकिलांकडे दिलीय, शनिवारी मिळेल. एक विचारायचं राहिलं: काकांची कन्व्हेयन्सची वर्गणी करारनाम्यातच लिहून घेता येते, की वेगळं पत्र घ्यावं?

---

कागद आधी

करारनाम्यातच घ्या, वेगळं कलम टाकून. रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत लिहा, आणि ती सोसायटीत भरल्याची पावती ताबा देण्याआधी तुमच्या हातात येईल असं लिहा. सहा महिन्यांची मुदत मागणार असाल तर तीही तोंडी नको. छोटी इसाराची रक्कम देऊन लेखी घ्या, आणि कर्ज मंजूर झालं नाही तर इसार परत मिळेल ही ओळ विसरू नका.